टाकी, टायर आणि आडवा उतार : एका एटीव्ही अपघाताचे प्रकरण

पार्श्वभूमी

डोंगरउतारावर फळबाग असलेल्या एका संस्थेतले हे प्रकरण आहे. संस्थेची आणि माणसांची ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. यंत्राची स्थिती, जमिनीचा उतार आणि निर्णयांचा क्रम मात्र जसा होता तसा मांडला आहे.

बागेचे वरचे पट्टे अरुंद असून तेथे ट्रॅक्टर वळत नाही. म्हणून संस्थेने कामाची एक एटीव्ही घेतली : हँडलबार असलेली, दोन्ही बाजूंना पाय टाकून बसायची, सुमारे ३०० किलो वजनाची चारचाकी, जिच्या पुढे आणि मागे सामानासाठी लोखंडी रॅक असतात. सुरुवातीला कुंपणाची पाहणी करणे आणि पाइप, अवजारे, खते पोहोचवणे एवढेच तिचे काम होते. एका हंगामानंतर कार्यशाळेने मागच्या रॅकवर १२० लिटरची फवारणीची टाकी बसवली. हा बदल कोणी लेखी मंजूर केला नव्हता आणि कोणी नाकारलाही नव्हता. तो सोयीचा होता म्हणून झाला. पूर्ण भरलेल्या टाकीतले पाणीच १२० किलोंचे होते, टाकीचे आणि पंपाचे वजन वेगळे. रॅकवर उत्पादकाने लावलेल्या पट्टीवर कमाल भार ८० किलो असा लिहिलेला होता. ती पट्टी टाकीच्या तळाखाली झाकली गेली.

चालक अनुभवी होता. त्याला प्रशिक्षण मिळालेले होते, तो हेल्मेट घालत असे, आणि मदतनिसाला मागे बसवण्याची जुनी सवय त्याने स्वतःहून मोडली होती. एटीव्हीची लांब सीट दुसऱ्या माणसासाठी नसते. चढावर पुढे झुकायला, उतारावर मागे सरकायला आणि वळताना आतल्या बाजूला कलायला चालकाला जागा हवी असते म्हणून ती लांब असते. या वाहनाचा तोल यंत्रापेक्षा चालकाच्या हालचालीवर अधिक अवलंबून असतो, ही गोष्ट पुढच्या सगळ्या चर्चेत महत्त्वाची ठरली.

आणखी एक यांत्रिक बाब येथेच सांगून ठेवतो. या एटीव्हीच्या मागच्या आसाला डिफरन्शियल नव्हते, म्हणजे मागची दोन्ही चाके कायम एकाच गतीने फिरत. वळताना आतल्या चाकाला कमी आणि बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचे असते; दोघांनाही जमीन सारखीच घट्ट धरत असेल, तर वाहन वळायला नकार देते आणि सरळ जाऊ पाहते. अशा वेळी शरीराचा भार हलवून आतले चाक थोडे हलके करावे लागते. रिकाम्या एटीव्हीवर हे सहज जमते. मागच्या रॅकवर शंभर किलो बसलेले असताना मात्र चालकाने कितीही शरीर हलवले तरी त्याचा परिणाम फारच थोडा उरतो.

अपघात

संध्याकाळी पाऊस येण्याची चिन्हे होती आणि फवारणी त्याआधी सुकायला हवी होती. ठरल्याप्रमाणे त्या दिवशी फक्त वरचे, तुलनेने सपाट पट्टे घ्यायचे होते. सकाळी पर्यवेक्षकाने चालकाला सांगितले, “दादा, वरचे लवकर उरकले तर खालच्या दोन ओळीही घेऊन टाका, उद्यावर नको.” चालकाने होकार दिला. खालच्या ओळींत जायचे तर उतार आडवा ओलांडावा लागतो, हे दोघांनाही माहीत होते. मात्र आजवर कधी काही झाले नव्हते.

दुपारी चालक खालच्या ओळीत उतरला तेव्हा टाकी साधारण अर्धी रिकामी झाली होती. त्याच्या डाव्या हाताला चढ आणि उजव्या हाताला उतार होता. गवतात दडलेला एक दगड ऐन वेळी दिसल्यावर त्याने तो टाळण्यासाठी हँडल डावीकडे, म्हणजे चढाच्या बाजूला वळवले. पुढचे चाक दगडाशेजारून गेले, मागचे डावे चाक मात्र त्यावर चढले. एटीव्ही उजवीकडे कलली, क्षणभर दोन चाकांवर तोलली गेली आणि उलटली. चालकाने चढाच्या बाजूला उडी मारली, पण उजवा पाय फूटरेस्टमध्ये अडकला आणि घोट्यावर रॅकची कड पडली.

तो एकटाच होता. मोबाइल फोन खिशातून पडू नये म्हणून त्याने तो पुढच्या रॅकवरच्या डब्यात ठेवला होता, आणि डबा आता यंत्राच्या खालच्या बाजूला होता. जेवणाच्या वेळेला तो आला नाही म्हणून शोध सुरू झाला, आणि तो सापडेपर्यंत पाऊण तास गेला. घोट्याचे हाड मोडले होते. छातीवर भार आला नव्हता, हे नशीब. एटीव्ही अंगावर उलटून होणाऱ्या मृत्यूंत बऱ्याच वेळा मोठी जखम नसतेच. छाती दाबली गेल्यामुळे श्वास घेता येत नाही आणि वेळेवर भार उचलायला कोणी नसते.

पडताळणीत काय सापडले

पहिल्या दिवशीच्या अहवालात कारण एका ओळीत लिहिले गेले : ‘चालकाने दगडावर चाक घातले.’ व्यवस्थापकाने हा अहवाल स्वीकारला नाही आणि यंत्र हलवण्याआधी जागेची मापे घ्यायला लावली. या प्रकरणातला सर्वांत चांगला निर्णय मला हाच वाटतो, कारण यंत्र उचलून कार्यशाळेत नेले असते तर पुढचे काहीच कळले नसते.

उजव्या बाजूच्या मागच्या टायरमध्ये ३ पीएसआय (हवेचा दाब मोजण्याचे एकक) हवा होती आणि डाव्या बाजूच्या टायरमध्ये ५. सूचनापुस्तिकेप्रमाणे दोन्हींत ५ हवी होती. मोटारीच्या टायरमध्ये २ पीएसआयचा फरक फारसा जाणवत नाही. एटीव्हीच्या रुंद, मऊ टायरमध्ये तो चाळीस टक्क्यांचा फरक असतो. उजव्या टायरमध्ये एक बारीक काटा रुतलेला होता आणि तेथून हवा हळूहळू जात होती. कार्यशाळेतला मेकॅनिक दर दोन-चार दिवसांनी कॉम्प्रेसरने हवा भरत असे, त्यामुळे हवा जाते हे सर्वांना ठाऊक होते. पण त्या कॉम्प्रेसरचा गेज ट्रकच्या टायरसाठी होता. त्याच्या तबकडीवरची पहिली रेघ १० पीएसआयची होती. त्याखाली काटा हलतो की नाही हेदेखील सांगता येत नसे. रोजच्या तपासणी-पत्रकात ‘टायर ठीक’ हा रकाना होता आणि त्यात त्या सकाळीही बरोबरची खूण होती. ती खूण खोटी नव्हती. ज्याने ती केली त्याने टायर पाहिला होता, आणि भार नसलेल्या उभ्या एटीव्हीचा ३ पीएसआयचा टायर डोळ्यांना ५ पीएसआयच्या टायरसारखाच दिसतो.

मग उताराचा हिशोब मांडण्यात आला. तो जवळजवळ शाळेतल्या त्रिकोणमितीचा आहे, आणि या प्रकरणाचे खरे शिक्षण त्यातच झाले. त्या जागी जमिनीचा आडवा उतार १७ अंश होता. दोन्ही चाकांच्या मध्यांतले अंतर ९५ सेंटीमीटर. चढाच्या बाजूचे चाक १० सेंटीमीटर उंचीच्या दगडावर चढले की यंत्र आणखी ६ अंश कलते. उताराच्या बाजूचा मऊ टायर दुसऱ्यापेक्षा फक्त २ सेंटीमीटर जास्त दबला, तर त्यात साधारण सव्वा अंशाची भर पडते. म्हणजे १७ अंशांचा उतार त्या क्षणी २४ अंशांचा झाला होता. शिवाय चालक चढाकडे वळत होता, त्यामुळे वळणाचा रेटा उताराच्या दिशेने लागत होता. ताशी १० किलोमीटर वेगाने ६ मीटर त्रिज्येचे वळण घेतले तर हा रेटा यंत्र आणखी सुमारे साडेसात अंश कलल्याइतका असतो. बेरीज ३१ अंशांच्या पुढे गेली.

टाकीचा वाटा दुहेरी होता. उंचावरच्या भाराने गुरुत्वमध्य वर नेला, आणि अर्धी रिकामी टाकी असल्यामुळे आतले पाणी झटक्याने उताराच्या बाजूला धावले. पूर्ण भरलेल्या टाकीत पाण्याला हलायला जागा नसते. अर्ध्या टाकीत भार कमी असतो, पण तो नेमका नको त्या क्षणी नको त्या बाजूला जातो. या टाकीत पाण्याची धाव अडवणारे आडवे पडदे नव्हते. टाकी काढल्यावर रॅकच्या एका जोडावर वेल्डिंगला केसासारखी तडही दिसली. तिच्या कडा गंजलेल्या होत्या, म्हणजे ती अपघाताच्या आधीची होती आणि रॅक बराच काळ क्षमतेपेक्षा जास्त भार वाहत होता.

काही दोष असेही निघाले ज्यांचा अपघाताशी संबंध नव्हता : डाव्या पुढच्या चाकाच्या सांध्याचा रबरी बूट (आवरण) फाटलेला होता आणि एअर फिल्टर धुळीने भरलेला होता. ब्रेकचे पॅड, थ्रॉटलची (वेग वाढवण्याच्या खटक्याची) केबल आणि हँडलचे सांधे ठीक होते. बैठकीत काहींनी फाटक्या बुटाकडे बोट दाखवले, कारण तो डोळ्यांना दिसत होता. फाटक्या बुटातून ग्रीस बाहेर जाते, माती आत शिरते आणि सांधा काही काळाने निकामी होतो हे खरे. पण त्यामुळे त्या दिवशी एटीव्ही उलटली नव्हती. सापडलेला प्रत्येक दोष कारण म्हणून नोंदवला, तर खरे कारण यादीत हरवते. म्हणून अहवालात हे दोष वेगळ्या भागात नोंदवले गेले.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय चालकाला पुन्हा प्रशिक्षण देण्याचा आणि लेखी ताकीद देण्याचा होता. तो स्वस्त आणि झटपट होता, आणि व्यवस्थापनातल्या काहींचा कल त्याकडेच होता. त्याविरुद्धचा मुद्दा साधा होता : वरच्या हिशोबातल्या पाच गोष्टींपैकी उतार, दगड, टायर आणि टाकी या चार गोष्टी चालक निघण्याआधीच ठरलेल्या होत्या. त्याच्या हातात उरले होते ते एक वळण, आणि तेही दगड दिसल्यानंतरच्या एखाद्या सेकंदात.

दुसरा पर्याय एटीव्ही काढून शेजारी-शेजारी बसण्याचे, स्टीअरिंग, सीटबेल्ट आणि संरक्षक चौकट असलेले वाहन घेण्याचा होता. उलटण्याच्या धोक्यात हे वाहन निश्चितच अधिक सुरक्षित असते, मात्र सीटबेल्ट लावला असेल तरच. बेल्ट न लावलेला माणूस बाहेर फेकला जाऊन त्याच चौकटीखाली येऊ शकतो. अडचण रुंदीची होती. वरच्या काही ओळींत ते वाहन मावत नव्हते.

तिसरा पर्याय एटीव्हीच्या मागे संरक्षक कमान बसवण्याचा होता. यंत्र उलटले तर ही कमान ते पूर्ण पालथे होऊ देत नाही, किंवा जमीन आणि यंत्र यांच्यामध्ये माणसापुरती पोकळी ठेवते. ऑस्ट्रेलियात ऑक्टोबर २०२१ पासून विकल्या जाणाऱ्या नव्या सर्वसाधारण वापराच्या एटीव्हींवर असे साधन सक्तीचे आहे. उत्पादकांनी या सक्तीला विरोध केला होता. कमानच चालकाला इजा करू शकते, असे त्यांचे म्हणणे होते. बैठकीत दोन्ही बाजू मांडल्या गेल्या. माझे मत असे की ताशी १०-१५ किलोमीटर वेगाने, एकट्याने, उतारावर होणाऱ्या शेतकामात छाती दाबली जाण्याचा धोका इतका वरचढ आहे की कमानीच्या बाजूने झुकणेच योग्य. पण कमान उलटणे थांबवत नाही, आणि ती आहे म्हणून अवघड उतारावर जाण्याचे धाडस वाढणार असेल, तर तिचा फायदा तेथेच संपतो.

चौथा पर्याय मेकॅनिकने सुचवला, आणि तो प्रश्नच बदलणारा होता : एटीव्हीला खालच्या ओळींत न्यायचेच कशाला? वरच्या सपाट वाटेवर टाकी उभी करून लांब नळीने, चालत फवारणी का करू नये? वेळ जास्त लागणार होता, आणि नळी ओढायला दोन माणसे लागणार होती.

काय केले

अखेर चौथा पर्याय खालच्या ओळींसाठी आणि तिसरा पर्याय उरलेल्या सर्व कामासाठी स्वीकारला गेला. रॅकवरची टाकी कायमची उतरवली. तिच्या जागी ५० लिटरची, आतून पडदे असलेली टाकी आली. पाणी, टाकी आणि पंप मिळून वजन ८० किलोंच्या आत राहते, हे वजनकाट्यावर तपासून मगच ती बसवली. तडकलेला रॅक वेल्ड न करता बदलण्यात आला.

बागेचा नकाशा उतारमापकाने मोजून तीन रंगांत रंगवला : एटीव्ही मुक्तपणे चालेल असा भाग, फक्त सरळ वर किंवा सरळ खाली जाता येईल असा भाग, आणि एटीव्हीला पूर्ण बंदी असलेला भाग. खालच्या ओळी तिसऱ्या रंगात गेल्या. मधल्या रंगाच्या भागासाठी चालकांकडून सराव करून घेतला. चढताना वजन पुढे आणि थ्रॉटल स्थिर. चढ पार होणार नाही असे वाटले तर इंजिन बंद पडून यंत्र मागे घसरण्याची वाट न पाहता ब्रेक लावून थांबणे आणि चढाच्या बाजूने उतरणे. खाली येताना कमी गिअर, वजन मागे, आणि इंजिनाच्या रोधाचा उपयोग. या यंत्राला फोर-व्हील ड्राइव्हचा खटका होता. तो बंद असताना इंजिनाचा रोध फक्त मागच्या चाकांना मिळतो आणि ओल्या गवतावर मागची चाके घसरू लागतात, हे कित्येक चालकांना त्या सरावात पहिल्यांदाच अनुभवायला मिळाले.

तपासणी-पत्रकातून ‘ठीक’ हा शब्द काढून टाकला गेला. टायरसाठी ० ते १० पीएसआयचा गेज आणला आणि रकान्यात आकडा लिहायचा ठरला. टायर थंड असताना, कामाला निघण्याआधी. थ्रॉटलच्या रकान्यातही कृती लिहिली गेली : इंजिन बंद ठेवून हँडल पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे वळवून, दोन्ही वेळा अंगठ्याने थ्रॉटल दाबून सोडावा आणि तो आपोआप झटकन मागे येतो का ते पाहावे. चाकांसाठी : वरून आणि खालून धरून हलवावे, खडखड जाणवली तर निघू नये. सायलेन्सरभोवती अडकलेले वाळके गवत काढणे हा नवा रकाना होता, कारण तापलेल्या सायलेन्सरवर ते पेट घेऊ शकते. चाक काढून बसवले असेल, तर थोडे चालवून झाल्यावर नट पुन्हा ठरलेल्या जोराने आवळण्याची नोंद आली. पत्रक आधीपेक्षा लहान झाले आणि भरायला मात्र जास्त वेळ लागू लागला.

फोन डब्यात न ठेवता अंगावरच्या बंद खिशात ठेवायचा, आणि एकट्याने काम करताना ठरलेल्या वेळी पर्यवेक्षकाला कळवायचे. निरोप आला नाही तर पर्यवेक्षकाने लगेच शोधायला निघायचे, असे ठरले.

परिणाम

पुढच्या हंगामात खालच्या ओळींची फवारणी नळीने झाली. तिला पूर्वीच्या जवळपास दुप्पट वेळ लागला आणि पर्यवेक्षकाने त्याबद्दल तक्रारही केली. दोनदा सकाळी टायरचा आकडा कमी आला म्हणून यंत्र थांबवले गेले. दुसऱ्या वेळी व्हॉल्व्ह गळत असल्याचे निघाले. कमानीमुळे झाडांच्या खालच्या फांद्या अडतात, म्हणून काही ओळींची छाटणी उंचावर करावी लागली. जखमी चालक बरा होऊन परतला. नवा नकाशा रंगवताना सर्वांत जास्त दुरुस्त्या त्यानेच सुचवल्या. उतारमापकाला न दिसलेले खड्डे आणि पावसाळ्यात सरकणारे दगड त्याला ओळीगणिक माहीत होते.

एक गोष्ट नीट बसली नाही. वेळोवेळी निरोप देण्याची पद्धत पहिल्या काही आठवड्यांत ढिली पडली, कारण पर्यवेक्षक स्वतः बैठकीत असला की निरोप घ्यायला कोणी नसे. निरोपाची जबाबदारी नंतर कार्यालयात दिवसभर बसणाऱ्या कर्मचाऱ्याकडे दिली, तेव्हा ती टिकली.

वेगळे काय करता आले असते

मागे वळून पाहता निर्णयाच्या चार जागा दिसतात, आणि त्यांपैकी शेतातली एकच आहे.

पहिली जागा टाकी बसवण्याची. रॅकवरची पट्टी झाकली जाण्याआधी कोणी एकाने ती वाचून टाकीच्या लिटरांशी ताडून पाहिली असती, तर काम तेथेच अडले असते. यंत्रात कोणतीही कायमची भर घालताना तिचे वजन आणि उंची लिहून दोन माणसांची सही घेणे, एवढी साधी अट पुरेशी होती. ती आता घालण्यात आली आहे.

दुसरी जागा टायरची. हवा वारंवार कमी होते हे माहीत असताना ती भरत राहणे ही दुरुस्ती नव्हती, आणि वारंवार हवा भरावी लागते याची नोंद कोठेच होत नव्हती. मेकॅनिकला दोष देण्याआधी हेही पाहावे लागते की त्याच्याकडे पंक्चर काढण्याचे साहित्य होते, पण यंत्र अर्धा दिवस थांबवण्याचा अधिकार नव्हता. हा अधिकार त्याला आता आहे, आणि तो वापरल्याबद्दल त्याला जाब विचारला जाणार नाही असे व्यवस्थापकाने सर्वांसमोर सांगितले आहे.

तिसरी जागा सकाळच्या त्या वाक्याची. ‘लवकर उरकले तर खालच्याही घ्या’ या सूचनेत काम वाढले, पण जमीन बदलते आहे याचा विचार झाला नाही. सपाट पट्ट्यांसाठी भरलेली टाकी आणि तिच्यासह आडवा उतार, हे दोन वेगळे निर्णय एका श्वासात घेतले गेले. खालच्या ओळींसाठी टाकी पूर्ण रिकामी करून फक्त पाहणीला जायचे, किंवा वाट चालत जाऊन दगड बाजूला करायचे, असे मधले मार्ग त्या सकाळी उपलब्ध होते. कोणी विचारले असते तर चालकाने कदाचित ते सुचवलेही असते.

चौथी जागा दगडाची. तेथे चालकाने खालच्या बाजूला वळायला हवे होते, असे म्हणणे तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे. आडव्या उतारावर यंत्र कलू लागले की पुढची चाके उताराकडे वळवली तर तोल सावरतो, आणि प्रशिक्षणात हे शिकवले जाते. पण त्याच्या उजव्या हाताला तीन फुटांवर झाडांची ओळ होती. तिकडे वळून त्याने उलटणे टाळले असते, तर तो ताशी १० किलोमीटर वेगाने बुंध्यावर आदळला असता. त्यामुळे या जागेवर अहवालात ‘चुकीचा निर्णय’ असे न लिहिता ‘दोन्ही पर्याय धोक्याचे’ असे लिहिले गेले, आणि मला ते बरोबर वाटते.

एक प्रश्न अजून उघडा आहे. मधल्या रंगातल्या दोन ओळींचा उतार कोरड्या हवेत चालण्याजोगा आहे आणि पावसानंतर नाही; त्यांसाठी नकाशाचा रंग ऋतूप्रमाणे बदलायचा की त्या कायमच्या बंद करायच्या, यावर पर्यवेक्षक आणि चालक यांचे एकमत झालेले नाही. तोवर पाऊस झाल्यानंतर त्या ओळींत एटीव्ही न्यायची की नाही, हे त्या दिवशी यंत्र चालवणाराच ठरवतो, आणि त्याने ‘नाही’ म्हटले की ते काम नळीवर जाते.